सनद आणि वहिवाट

अमेरिकेच्या दक्षिणेतील अ‍ॅलाबामा राज्यात व्यावसायिक फुटबॉलचा एकही मोठा संघ नाही, आणि पंचविशी ओलांडलेल्या नागरिकांत पदवीधरांचे प्रमाण चारांत एकाहून किंचितच अधिक आहे. तरीही शरद ऋतूतील शनिवारी टस्कलूसा येथील राज्य विद्यापीठाचा संघ मैदानात उतरतो, तेव्हा क्रीडागारात लाखभर माणसे दाटतात, आणि त्यांच्या कितीतरी पट माणसे घरांतून, दुकानांतून, गॅरेजांतून श्वास रोधून बसतात. त्यांतील बहुतेकांचे नाव त्या विद्यापीठाच्या हजेरीपटावर कधीही चढलेले नसते. लांबट चेंडू हातांत घेऊन धावण्याचा हा खेळ आपल्याकडील फुटबॉलहून सर्वस्वी निराळा आहे. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय तो खेळ नव्हे; ज्या विद्यालयाचा उंबरठा आपण ओलांडला नाही त्याला ‘आमचे’ म्हणण्याचा अधिकार माणसाला कोठून प्राप्त होतो, हा आहे.

या प्रश्नाचा ऊहापोह येथे दोन व्याह्यांच्या संवादरूपाने केला आहे. अण्णासाहेब हे अमेरिकेतील एका विद्यापीठातून निवृत्त झालेले गणिताचे प्राध्यापक. तात्यासाहेब हे सातारा जिल्ह्यात महसूल खात्याच्या नोकरीत आयुष्य घालवून आता अ‍ॅलाबामातील बर्मिंगहॅम शहरी कन्येकडे स्थायिक झालेले, आणि शेजारच्या एका वायरमन गृहस्थांच्या संगतीने या खेळाच्या इतिहासात रमलेले.

अण्णासाहेब : तात्यासाहेब, आपल्या शेजाऱ्यांविषयी मला आदर आहे, हे आधी सांगतो. परंतु ‘काल आम्ही जिंकलो’ असे ते म्हणतात, तेव्हा त्या ‘आम्ही’पाशी माझे मन अडखळते. विद्यापीठ म्हणजे तरुणपणीची चार वर्षे, परीक्षेच्या आधीच्या जागरणाच्या रात्री, निबंधाच्या समासात अध्यापकाने लिहिलेला आणि जन्मभर लक्षात राहिलेला एखादा शेरा, वसतिगृहातील वादविवाद, आणि या सर्वांतून हळूहळू घडत गेलेली बुद्धी. ज्याने यांतले काहीच अनुभवले नाही, त्याचे त्या संस्थेशी असलेले नाते लाल रंगाचा सदरा आणि शनिवारचा सामना यांपलीकडे जाते, असे मला वाटत नाही. न्यूयॉर्कमध्ये अशा लोकांना ‘सबवे अ‍ॅलम्नाय’, म्हणजे भुयारी रेल्वेतले माजी विद्यार्थी, म्हणत. दक्षिणेत ‘साइडवॉक अ‍ॅलम्नाय’ म्हणतात. नाव काहीही द्या. विद्यार्थी न होता माजी विद्यार्थी होता येत नाही.

तात्यासाहेब : अण्णासाहेब, आपण सनद मागत आहात, आणि माझ्या शेजाऱ्यांजवळ सनद नाही, हे मला मान्य आहे. परंतु माझे आयुष्य दफ्तरात गेले, आणि तेथे मी एक गोष्ट शिकलो, ती अशी की सर्वच हक्क कागदातून जन्माला येत नाहीत. एखादा शेतकरी दुसऱ्याच्या शेतातून शांततेने, राजरोस, खंड न पडू देता आणि हक्क म्हणून वीस वर्षे येजा करीत असेल, तर १८८२ सालचा सुविधाधिकाराचा कायदा त्याची वाट मान्य करतो. त्याच्या खिशात खरेदीखत आहे की नाही हे विचारीत नाही. माझ्या शेजाऱ्यांच्या घराण्याची वहिवाट तर शतकाला पोचते. १ जानेवारी १९२६ रोजी कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे रोझ बोलच्या सामन्यात अ‍ॅलाबामाने वॉशिंग्टन विद्यापीठाचा २०–१९ असा पराभव केला. त्याआधी दक्षिणेतील एकही संघ त्या सामन्यात खेळला नव्हता, आणि दक्षिणेच्या खेळाला दुय्यम मानण्याची देशभर रीत होती. यादवी युद्धातील पराभवानंतर साठ वर्षे दारिद्र्य आणि हेटाळणी सोसलेल्या त्या प्रदेशाने परतणाऱ्या संघाच्या आगगाडीचे स्थानकास्थानकांवर जे स्वागत केले, ते करणारे लोक विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. १९४० साली सुद्धा साऱ्या अमेरिकेत पंचविशीपुढील शंभर माणसांत पदवीधर पाचही नव्हते. मग १९२६ च्या अ‍ॅलाबामातील कापूसकऱ्यांत आणि खाणकामगारांत ते किती असणार? ज्या संस्थेत जाण्याचे स्वप्नही त्यांच्या आटोक्याबाहेरचे होते, तिच्या नावाने त्यांना आयुष्यात प्रथमच मान ताठ करता आली. हे नाते सदऱ्याच्या रंगाचे कसे म्हणता येईल?

अण्णासाहेब : आपण १९२६ ची आगगाडी दाखविलीत, तर त्याच राज्याचा दुसरा दस्तऐवज मलाही दाखवू द्या. ज्याला आपण अ‍ॅलाबामाचा अभिमान म्हणता, तो त्या काळी अ‍ॅलाबामातील गोऱ्या लोकांचा अभिमान होता. कृष्णवर्णीय नागरिक त्याच खाणींत खपत होते, तेच कर भरीत होते, आणि विद्यापीठाचा दरवाजा मात्र त्यांना कायद्याने आणि दंडेलीने बंद होता. १९५६ च्या फेब्रुवारीत ऑथरीन लूसी या विद्यार्थिनीने न्यायालयाच्या हुकुमाच्या बळावर तेथे प्रवेश घेतला, तेव्हा जमावाने असा धुमाकूळ घातला की तिसऱ्याच दिवशी विद्यापीठाने तिलाच वर्गाबाहेर काढले, आणि पुढे तिचे नावही कमी केले. ११ जून १९६३ रोजी व्हिव्हियन मॅलोन आणि जेम्स हूड हे दोघे नोंदणीसाठी आले, तेव्हा राज्याचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस स्वतः दारात उभे राहिले. प्रवेश न मिळालेल्यांचा हक्क हा आपल्या प्रतिपादनाचा पाया असेल, तर ज्यांना सर्वांत निर्दयपणे प्रवेश नाकारला गेला त्यांच्याकडे त्या जल्लोष करणाऱ्या जमावाने केव्हा पाहिले? मला तर अशी शंका येते की मैदानावरच्या प्रेमाने या अन्यायावर पांघरूणच घातले.

तात्यासाहेब : हा आक्षेप मी हलका लेखणार नाही, कारण तो खरा आहे. वहिवाट हक्क म्हणून सांगायची, तर ती शेजाऱ्याला बेदखल करून मिळविलेली नसावी, ही पहिली अट. आणि त्या काळच्या अ‍ॅलाबामाने ती पाळली नाही. परंतु पुढली नोंदही पाहावी. १२ सप्टेंबर १९७० रोजी याच बर्मिंगहॅममधील लीजन फील्डवर सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने अ‍ॅलाबामाला ४२–२१ असे हरविले, आणि त्यात सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूचा पराक्रम हजारो प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिला. विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला अ‍ॅलाबामाने शिष्यवृत्ती त्याआधीच दिलेली होती. १९७१ साली जॉन मिचेल हे अ‍ॅलाबामाकडून मैदानात उतरलेले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. एका सामन्याने माणसे बदलली असे मी म्हणणार नाही. ते श्रेय न्यायालयात गेलेल्यांचे आणि रस्त्यावर मार खाल्लेल्यांचे आहे. परंतु आज बर्मिंगहॅममधील कृष्णवर्णीय वस्त्यांतूनही शनिवारी तोच लाल ध्वज फडकतो. ज्यांच्या आजोबांना दारातून परत पाठविले, त्यांची नातवंडे ‘आमचे अ‍ॅलाबामा’ म्हणतात, ते विसराळूपणाने नव्हे. जे प्रथमपासून आमचे असावयास हवे होते ते आता आमचे आहे, असा तो दावा आहे. स्वतः ऑथरीन लूसी यांची बडतर्फी १९८८ मध्ये रद्द झाली, आणि १९९२ मध्ये त्यांनी त्याच विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी आपल्या कन्येच्या बरोबरीने घेतली. नाकारलेल्याने दावा सोडला असता, तर हे घडते ना.

अण्णासाहेब : लूसी यांनी जो दावा केला तो शिकण्याचा होता. मैदानाच्या बाकावरून केलेला दावा त्याच्या पंक्तीस कसा बसेल?

तात्यासाहेब : पंक्तीस बसत नाही, पण पुष्कळदा शिकण्याची वाट त्या बाकावरूनच दिसू लागते. आपण ज्या भुयारी रेल्वेतल्या माजी विद्यार्थ्यांचा उल्लेख केलात, त्यांच्याकडे पाहू. नोत्र देम हे इंडियाना राज्यातील साउथ बेंडचे कॅथलिक विद्यापीठ. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्याचा संघ लष्करी अकादमीशी खेळावयास न्यूयॉर्कला येऊ लागला, तेव्हा त्याच्या बाजूने घसा कोरडा करणारे लोक म्हणजे आयरिश हमाल, इटालियन गवंडी, पोलिश कामगार, त्यांच्या बायका आणि मुले. त्यांपैकी बहुतेकांनी इंडियाना राज्य नकाशावरही पाहिले नसेल. परंतु तो काळ ध्यानात घ्या. १९२४ च्या मे महिन्यात खुद्द साउथ बेंडमध्ये कू क्लक्स क्लॅन या संघटनेच्या कॅथलिकद्वेष्ट्या मेळाव्याला आलेले लोक आणि नोत्र देमचे विद्यार्थी यांच्यात चकमकी झडल्या. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर प्रशिक्षक क्नूट रॉक्नी यांच्या नोत्र देम संघाने लष्करी अकादमीला १३–७ असे नमविले. आणि चार वर्षांनी अल स्मिथ हे कॅथलिक गृहस्थ राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या धर्मावरून देशभर विषारी प्रचार झाला. ज्या समाजाला ‘तुम्ही खरे अमेरिकन नव्हेत’ असे रोज ऐकविले जात होते, त्या समाजातील हमालाला, आपल्यासारखीच आडनावे असलेली मुले विद्यापीठात शिकतात आणि देशातल्या मातबर संस्थांना हरवितात, हे समजले ते मैदानावरून. विद्यापीठ ही आपल्या जातीच्या माणसांनी जाण्याची जागा आहे, हा विचार कित्येक घरांत प्रथम अशा शनिवारी शिरला असला पाहिजे. विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्यांना काय शिकविले ते आपण मजहून अधिक जाणता; परंतु ज्यांना त्याने कधीच शिकविले नाही त्यांनाही त्याने काही दिले, ही गोष्ट हिशेबातून वगळू नये.

अण्णासाहेब : नोत्र देमविषयी आपले म्हणणे मी मान्य करतो. परंतु शतकापूर्वीच्या हमालाचे पुण्य आजच्या चाहत्याच्या खात्यावर जमा करता येणार नाही. २०१० च्या नोव्हेंबरात ऑबर्न या त्याच राज्यातील प्रतिस्पर्धी विद्यापीठाने अ‍ॅलाबामाला २८–२७ असे हरविले. त्यानंतर अ‍ॅलाबामाच्या एका चाहत्याने, जो त्या विद्यापीठात कधी शिकला नव्हता, ऑबर्नमधील टूमर्स कॉर्नर या चौकातील जुन्या ओक वृक्षांच्या मुळांशी विष ओतले, आणि पुढे रेडिओवर स्वतःच त्याची कबुली दिली. ज्या झाडांखाली ऑबर्नचे लोक पिढ्यान्‌पिढ्या आनंद साजरा करीत आले, ती झाडे २०१३ मध्ये तोडावी लागली. त्याच २०१३ च्या नोव्हेंबरात अ‍ॅलाबामाचा संघ ऑबर्नकडून ३४–२८ असा अखेरच्या क्षणी हरला, तेव्हा ज्या विद्यार्थ्याचे गोल हुकले होते त्याला ठार मारण्याच्या धमक्या आल्या. तो विद्यार्थी होता, तात्यासाहेब! ज्याने वर्गात बसून अपयश अनुभवले आहे, ज्याने विशीतल्या मुलाला परीक्षेत चुकताना जवळून पाहिले आहे, त्याच्या हातून असे सहसा होत नाही. ज्याला विद्यापीठ म्हणजे केवळ गुणफलक, त्याला तो मुलगाही एक आकडाच वाटतो. नाते नसताना हक्क सांगणाऱ्याचा प्रेमभंग असा क्रूर होतो, हे माझे खरे भय आहे.

तात्यासाहेब : त्या दोन्ही कृत्यांचे समर्थन माझ्याकडून होणे नाही. परंतु धमक्या देणाऱ्यांत पदवीधर कोणीच नव्हता, असा दाखला आपल्यापाशी आहे काय? क्रौर्याला पदवीची आडकाठी होत नाही. आता याच जमाखर्चाची दुसरी बाजू पाहा. वृक्षांवरील विषप्रयोग २०११ च्या फेब्रुवारीत उघडकीस आला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी टस्कलूसा आणि बर्मिंगहॅम या पट्ट्यात चक्रीवादळ होऊन साठांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. विद्यापीठाचे विद्यार्थीही त्यांत होते. ज्यांच्या झाडांच्या मुळांत दोन महिन्यांपूर्वी विष ओतले गेल्याचे समजले होते, त्या ऑबर्नच्या चाहत्यांनी ‘टूमर्स फॉर टस्कलूसा’ या नावाने मदतीची फळी उभारली आणि साहित्याने भरलेली वाहने प्रतिस्पर्ध्याच्या गावी पाठविली. त्याआधीच अ‍ॅलाबामाच्या चाहत्यांनी ऑबर्नच्या झाडांसाठी वर्गणी गोळा केली होती. ही मदत देताना वा घेताना कोणी कोणाचे पदवीपत्र तपासले नाही. एका माणसाचे पाप सांगताना या हजारोंचा उल्लेख राहून गेला, तर निवाडा एकतर्फी होईल.

अण्णासाहेब : ते मी जाणून होतो, आणि सांगितले नाही हे खरे. पण यशाच्या काळात आणि संकटाच्या काळात माणसे एकत्र येतात. यश वर्षानुवर्षे येईनासे झाले की केवळ गुणफलकावर उभे असलेले प्रेम किती टिकते?

तात्यासाहेब : त्यासाठी आपल्याला उत्तरेकडे, नेब्रास्का राज्यातील लिंकन शहरी जावे लागेल. तेथेही व्यावसायिक फुटबॉलचा मोठा संघ नाही. साऱ्या राज्याची लोकसंख्या सुमारे वीस लाख, आणि राज्य विद्यापीठाच्या मेमोरियल स्टेडियमची तिकिटे ३ नोव्हेंबर १९६२ पासून घरच्या प्रत्येक सामन्याला संपत आली आहेत. १९९७ नंतर तो संघ राष्ट्रीय विजेता झालेला नाही. मध्यंतरी सलग सात हंगाम असे गेले की हरण्याचीच सवय झाली. तरी शेतकरी आणि गुराखी शेकडो मैलांवरून येत राहिले, आणि सामना संपल्यावर पाहुण्या संघाला उभे राहून टाळ्या देण्याची आपली रीत त्यांनी हरलेल्या दिवशीही सोडली नाही. यशावर उभे असलेले प्रेम असे वागत नाही. आणि अण्णासाहेब, चार वर्षांच्या सहवासाचा मान आपण राखता तो योग्यच. परंतु आज टस्कलूसाच्या पदवीवर्गांत निम्म्याहून अधिक विद्यार्थी परराज्यांतले आहेत. त्यांतील पुष्कळ जण पदवी घेऊन अ‍ॅटलांटाला, डलासला, शिकागोला निघून जातात. माझे शेजारी मात्र येथेच कर भरतात आणि येथेच मरतील. अ‍ॅलाबामाच्या संघाचे प्रशिक्षक राहिलेले पॉल ब्रायंट १९८३ च्या जानेवारीत निवर्तले, तेव्हा टस्कलूसापासून बर्मिंगहॅमच्या दफनभूमीपर्यंतच्या महामार्गावर लक्षावधी माणसे तिष्ठत उभी होती. ते राज्य उभे होते. पदवीधरांचा मेळावा नव्हता.

अण्णासाहेब : राज्य उभे होते, म्हणूनच मला शेवटचा आणि सर्वांत कठीण प्रश्न विचारावा लागतो. ज्या राज्यात प्रशिक्षकाला वर्षाला एक कोटी डॉलरांहून अधिक वेतन मिळते, त्या राज्याचे प्रेम विद्यापीठाला कोठे ओढून नेत आहे? १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सामन्यांच्या प्रक्षेपणावरील मध्यवर्ती संघटनेचा मक्ता मोडला, आणि दूरचित्रवाणीचा पैसा थेट विद्यापीठांच्या दाराशी आला. २०२१ पासून खेळाडू आपल्या नावाचे आणि चेहऱ्याचे मोल घेऊ लागले. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीने विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरांपर्यंत वाटा देऊ शकतात. आणि दर हंगामाला शेकडो खेळाडू एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जातात. खेळाडूला त्याच्या श्रमाचे मोल मिळावे, हे मला मान्यच आहे. परंतु तो आता येथे वर्षभरच राहणार, वर्गात क्वचित दिसणार, आणि पाहणारा तर वर्गात कधीच नव्हता. मग दोघांच्यामध्ये जे ‘विद्यापीठ’ उरते, ते काय आहे?

तात्यासाहेब : येथे मी माझ्याच दृष्टान्ताकडे परत येतो; कारण त्यात एक गोष्ट मी अद्याप बोललो नव्हतो. वहिवाटीने वाटेचा हक्क मिळतो. शेताची मालकी मिळत नाही. ज्याला वाट आहे त्याला उभे पीक तुडविण्याची मुभा नाही, मालकाने काय पेरावे हे ठरविण्याचा अधिकार नाही, आणि वाट रुंद करण्यासाठी बांध फोडण्याचा तर नाहीच नाही. माझ्या शेजाऱ्यांचा हक्क एवढाच आहे, असे मी मानतो. विशीतल्या मुलाला शिव्या देणारा माणूस पीक तुडवतो आहे. प्रशिक्षकाच्या वेतनासाठी ग्रंथालयाची तरतूद कमी झाली तरी चालेल, असे म्हणणारा माणूस बांध फोडतो आहे. परंतु जो वाटेने येतो, वाटेने जातो, आणि शेत चांगले पिकावे असे मनापासून इच्छितो, त्याला उपरा म्हणून हाकलून देणारा मालक न्यायाने वागत नाही.

अण्णासाहेब : ही मर्यादा आपण स्वतःच घालून देत असाल, तर माझा विरोध पुष्कळसा मावळतो. तरीही पुरता मावळत नाही, आणि तो का, हे सांगितले पाहिजे. वाट वापरणाऱ्यावर आपण कर्तव्य घातलेत. तसेच ते शेतमालकावरही घातले पाहिजे. ज्या विद्यापीठाचा पहिला पैका संघराज्याने दिलेल्या जमिनींच्या विक्रीतून उभा राहिला, आणि त्या जमिनी मूलनिवासी लोकांकडून घेतलेल्या होत्या, त्याने आपण कोणाचे देणे लागतो हे विसरून चालणार नाही. आपल्या शेजाऱ्यांच्या निष्ठेवर विद्यापीठाचे नाव देशभर झाले, त्या नावाने परराज्यांतून अधिक शुल्क भरणारे विद्यार्थी आले. मग शेजाऱ्यांच्या नातीला त्या विद्यापीठात जाणे परवडेल, ही जबाबदारी कोणाची? जे विद्यापीठ या लोकांच्या टाळ्या आणि वर्गणी घेते, त्यांच्या कराचा पैसा घेते, आणि त्यांच्या मुलांसाठी वर्गाचा दरवाजा किलकिलाच ठेवते, त्याला त्यांचे प्रेम स्वीकारण्याचा नैतिक अधिकार नाही, असे माझे मत आहे. माझा राग त्या वायरमन गृहस्थांवर नव्हता, हे बोलता बोलता मलाच स्पष्ट होत आहे. त्यांच्या भोळ्या निष्ठेचे भांडवल करणाऱ्या व्यवस्थेवर होता.

तात्यासाहेब : त्यांची निष्ठा भोळी आहे, एवढे मात्र मी कबूल करणार नाही. त्यांना हा सारा व्यवहार ठाऊक आहे, किंबहुना पैशाचा हिशेब त्यांना आपल्या दोघांहून अधिक तोंडपाठ आहे. तरी ते प्रेम करतात, कारण ते प्रेम त्यांनी व्यवहारासाठी केलेले नव्हते. बाकी आपले म्हणणे मला शब्दशः मान्य आहे. वाट मैदानापाशी संपू नये, ती वर्गाच्या दारापर्यंत गेली पाहिजे.

अण्णासाहेब : मग मतभेद एवढाच उरला. जोवर ती वाट वर्गापर्यंत जात नाही, तोवर मी त्यांच्या ‘आम्ही’ला अपुरे म्हणेन.

तात्यासाहेब : आणि मी त्याला थकीत देण्याची मागणी म्हणेन. अपुरे आहे ते विद्यापीठाचे देणे. त्या माणसांनी आपल्याकडची बाजू, पदवी नसताना, पिढ्यान्‌पिढ्या चोख भरली आहे.